तेल कुणाचं, दप्तर कुणाचं?

(पहिल्या पिढीतील पदवीधरांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला, 'तेल आणि वायू क्षेत्राच्या कारभारातली पारदर्शकता आणि उत्तरदायित्व'. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी मनात म्हटलं असेल की हा काही आपला विषय नाही. शिष्यवृत्ती वेळेवर का येत नाही, वसतिगृहाची यादी का लागत नाही, भरती का रखडली, हे आपले विषय. तेलाच्या विहिरींचं काय ते दिल्लीतल्या लोकांनी बघावं. मलाही आधी तसंच वाटायचं. म्हणून सुरुवात तेलापासून न करता माझ्या आजीपासून करते.

मी सहावीत असताना आमच्या गावाच्या शिवारातून एक पाइपलाइन गेली. ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांना नोटिसा आल्या. एक नोटीस चावडीवर लागली. मोजणी झाली, पंचनामे झाले, काही महिन्यांनी चेक आले. ज्या रानातून चर खणला, त्याच रानात माझी आजी खुरपणीला आणि काढणीला जायची. दोन हंगाम ते रान पडून राहिलं. आजीची दोन हंगामांची मजुरी बुडाली. तिने चावडीवर जाऊन विचारलं, "आमचं काय?" उत्तर मिळालं, "सातबारा घेऊन ये." आमच्या घरात सातबारा कधी नव्हताच.

याच्यात अजून एक गोष्ट आहे. माझे पणजोबा येसकर होते. सरकारी निरोप पोचवायचा, दवंडी द्यायची, साहेब आला की त्याच्यापुढे धावायचं, हे त्यांचं काम. सगळ्या गावाला बातमी देणारा माणूस आमच्या घरातला, पण त्यातली एकही बातमी आमच्या घरासाठी नसायची.

ही गोष्ट मी विसरून गेले होते. पीएच.डी.साठी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या तेल आणि वायू प्रकल्पांचे कागद वाचायला घेतले, राजपत्रातल्या अधिसूचना, कायदे, निकाल, तेव्हा ती परत आठवली. मी तिथली नाही, मला तमिळ येत नाही. पण त्या कागदांमधून सतत एकच प्रश्न ऐकू येत होता, आणि तो मला चांगला ओळखीचा होता. तुझा सातबारा कुठे आहे?

तंजावर म्हटलं की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आठवतात, सरफोजीराजांचं सरस्वती महाल ग्रंथालय आठवतं, बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आठवतो. समाजशास्त्र शिकलेल्यांना आणखी एक तंजावर माहीत असतं. आंद्रे बेतेई यांचं 'कास्ट, क्लास अँड पॉवर' हे १९६५ सालचं पुस्तक आपण एम.ए.ला वाचतो. त्यातलं श्रीपुरम हे गाव तंजावर जिल्ह्यातलं आहे. अग्रहारात ब्राह्मण, त्यापलीकडे ब्राह्मणेतरांच्या गल्ल्या आणि वेगळी काढलेली चेरी, म्हणजे आदिद्रविडांची वस्ती. गावातली सत्ता ब्राह्मणांकडून ब्राह्मणेतरांकडे कशी सरकली, हे आपण परीक्षेत लिहितो आणि दहा मार्क मिळवतो. ती चेरीपर्यंत का पोचली नाही, हा प्रश्न पेपरात क्वचितच येतो.

तिसरं तंजावर आपल्याला सहसा कोणी शिकवत नाही. २५ डिसेंबर म्हटलं की आपल्याला १९२७ सालचं महाड आणि मनुस्मृतिदहन आठवतं. १९६८ सालच्या २५ डिसेंबरला, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेणमणी गावात ४४ दलितांना एका झोपडीत जाळून मारलं गेलं. त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. ही भूमिहीन शेतमजुरांची कुटुंबं. लाल झेंड्याखाली संघटित झालेली आणि मजुरीत थोडं जास्त भात मागणारी. खालच्या न्यायालयात शिक्षा झालेले जमीनदार उच्च न्यायालयातून सुटले.

हे गाव आज नागपट्टिनम जिल्ह्यात आहे. जुन्या तंजावरचे पुढे तुकडे झाले, पण जमिनीची घडण बरीचशी तीच राहिली. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींचं प्रमाण तिरुवारूर जिल्ह्यात सुमारे ३४ टक्के, नागपट्टिनममध्ये सुमारे ३२ टक्के आणि आजच्या तंजावर जिल्ह्यात सुमारे १९ टक्के होतं. या प्रदेशाला तमिळनाडूचं भाताचं कोठार म्हणतात. कोठार भरणारे हात कुणाचे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता तेल. या भातखाचरांखाली तेल आणि नैसर्गिक वायू आहे. १९६०च्या दशकापासून कावेरी खोऱ्यात शोध चालू आहे. नरिमनम, अडियक्कमंगलम, कोविलकलप्पल अशा गावांच्या शिवारात ओएनजीसीच्या विहिरी आहेत. गेल्या पंधरा वर्षांत तिथे काय काय झालं, ते क्रमाने सांगते. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बघा. निर्णय कुठे झाला आणि गावाला तो कसा कळला?

२०१० साली मन्नारगुडी पट्ट्यात कोळशाच्या थरांमधला मिथेन काढण्यासाठी केंद्र सरकारने ग्रेट ईस्टर्न एनर्जी या कंपनीशी करार केला. क्षेत्र सुमारे ६९१ चौरस किलोमीटर, तंजावर आणि तिरुवारूर जिल्ह्यांतलं. जानेवारी २०११ मध्ये राज्य सरकारने कंपनीशी सामंजस्य करार केला. या पद्धतीत कोळशाच्या थरातलं पाणी उपसून दाब कमी करावा लागतो, तेव्हा वायू सुटतो. भाताच्या प्रदेशात खोलवरचं पाणी उपसायचं, तर सगळ्यात आधी कुणाला विचारायला हवं होतं? नम्माळवार नावाच्या ज्येष्ठ शेतीशास्त्रज्ञांनी गावोगाव फिरून लोकांना हे समजावलं. त्या मोहिमेवर असतानाच डिसेंबर २०१३ मध्ये ते गेले. राज्य सरकारने तज्ज्ञ समिती नेमली आणि २०१५ साली प्रकल्पावर बंदी घातली. करारापासून बंदीपर्यंत पाच वर्षं गेली. समजावण्याचं जे काम सरकारचं होतं, ते एका म्हाताऱ्या माणसाने पायी केलं.

१५ फेब्रुवारी २०१७ रोजी दिल्लीत मंत्रिमंडळाच्या समितीने देशातल्या छोट्या तेलक्षेत्रांच्या ३१ करारांना मंजुरी दिली. त्यात तंजावरला लागून असलेल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यातलं नेडुवासल होतं. दुसऱ्याच दिवशी गाव रस्त्यावर उतरलं.

त्याच वर्षी ३० जूनला तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमजवळच्या कदिरामंगलम गावात ओएनजीसीच्या पाइपलाइनमधून तेल गळून शेतात पसरलं. लोकांची मागणी साधी होती. जिल्हाधिकाऱ्यांनी इथे यावं, डोळ्यांनी बघावं आणि आम्हाला उत्तर द्यावं. यापेक्षा सोप्या भाषेत उत्तरदायित्वाची व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. त्या दिवशी तिथे आग लागली, लाठीमार झाला आणि प्राध्यापक जयरामन यांच्यासह दहा जणांना अटक झाली. जामीन मिळायला ऑगस्ट उजाडला. लोक घाबरले होते, त्याला कारणही होतं. तीन वर्षांपूर्वी, २७ जून २०१४ ला, आंध्रातल्या नगरम गावात गेलच्या वायुवाहिनीतून गळती होऊन स्फोट झाला होता आणि वीसपेक्षा जास्त माणसं जळून मेली होती.

कदिरामंगलमनंतर दोन आठवड्यांच्या आत सेलममध्ये या आंदोलनांची पत्रकं वाटणाऱ्या पत्रकारितेच्या एका विद्यार्थिनीला पकडलं आणि गुंडा कायद्याखाली स्थानबद्ध केलं. सप्टेंबरमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती स्थानबद्धता रद्द केली. ती तुमच्या-माझ्या वयाची. तिचा गुन्हा काय, तर माहिती वाटली.

आणखी एक गोष्ट बातम्यांमधून निसटते. तमिळनाडूतल्या ग्रामपंचायतींची मुदत ऑक्टोबर २०१६ मध्ये संपली होती आणि पुढच्या निवडणुका थेट डिसेंबर २०१९ मध्ये झाल्या. म्हणजे नेडुवासल आणि कदिरामंगलम घडलं, तेव्हा तिथे निवडून आलेली पंचायतच नव्हती. अधिकारी कारभार बघत होते. राखीव जागेवर निवडून आलेल्या दलित सरपंचाला खुर्चीत बसू न देण्याचा इतिहास तमिळनाडूत आहेच. १९९७ साली मेलवळवूमध्ये दलित पंचायत अध्यक्षाचा आणि त्याच्या सोबत्यांचा खूनच झाला. पण इथे तर खुर्चीच तीन वर्षं काढून ठेवली होती.

आता कायद्याकडे येऊ. कंटाळा करू नका, आपल्याला हे वाचता आलं पाहिजे.

पाइपलाइनसाठी देशात १९६२ चा कायदा आहे. त्यात सरकार जमीन विकत घेत नाही, जमिनीच्या 'वापराचा हक्क' घेते. राजपत्रात अधिसूचना निघते. जमिनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीने २१ दिवसांत हरकत घ्यायची. मालकाला आणि ज्याच्या जमीन-उपभोगाच्या हक्काला बाधा येते त्याला बाजारभावाच्या १० टक्के भरपाई, शिवाय नुकसान झालं असेल तर ते वेगळं. त्या पट्ट्यावर पुढे घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. मालकालाही हे कमीच पडतं आणि त्याची तक्रार खरी आहे. पण मालकाला निदान कायदा ओळखतो. माझ्या आजीसारख्या बाईचा त्या जमिनीत 'हितसंबंध' काय? तिचा हक्क नाही, फक्त पोट आहे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने ही चूक थोडी सुधारली होती. त्यातल्या 'बाधित कुटुंबा'च्या व्याख्येत शेतमजूर येतो, कूळ येतं, वाटेकरी येतो. त्या जमिनीवर किमान तीन वर्षं पोट असलं की झालं. आपल्या दृष्टीने ही मोठी गोष्ट. पण १९६२ चा पाइपलाइन कायदा त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत टाकून वेगळा ठेवला गेला. आणि कायद्याच्या भाषेत पाइपलाइनवाले जमीन घेतच नाहीत, तर मग विस्थापित कोण आणि बाधित कोण?

मग भूमिहीन माणसाने बोलायचं कुठे? एक जागा होती. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत जनसुनावणी आहे. प्रकल्पाच्या परिणामांचा गोषवारा स्थानिक भाषेत द्यायचा, सुनावणीचं चित्रीकरण करायचं, लोकांचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवायचं. मुख्य म्हणजे तिथे बोलायला सातबारा लागत नाही. तुम्ही तिथले बाधित रहिवासी आहात, एवढं पुरतं. चेरीतली बाई उठून माइक हातात घेऊ शकते आणि तिचं वाक्य सरकारी कागदावर येतं. प्रत्यक्षात तिला माइक मिळतो का, हा वेगळा झगडा. पण दार होतं. १६ जानेवारी २०२० ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना बदलली. तेल आणि वायूच्या शोधाचे प्रकल्प, जमिनीवरचे आणि समुद्रातले, 'ब-२' गटात टाकले. शोधाच्या टप्प्यावर परिणामांचा अभ्यास नको, जनसुनावणीही नको. उत्पादनाच्या टप्प्यावर ती राहिली. पण विहीर खणून तेल सापडल्यावर, पैसा गुंतवून झाल्यावर, तुमचं मत ऐकण्यात कुणाला रस असणार?

त्रिभुज प्रदेशात यावर संताप उसळला. पुढच्याच महिन्यात तमिळनाडू विधानसभेने संरक्षित कृषी क्षेत्राचा कायदा केला. तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम आणि कडलूर-पुदुक्कोट्टैचे काही तालुके त्यात आले. नवीन तेल-वायू उत्खननाला तिथे बंदी झाली. लोकांच्या लढ्याचं हे खरं यश आहे आणि ते मी कमी लेखत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. आधीपासून चालू असलेल्या प्रकल्पांना हा कायदा हात लावत नाही, म्हणजे कदिरामंगलमचे जुने पाइप जिथल्या तिथे. आणि दिल्लीला हा कायदा वेळोवेळी आठवून द्यावा लागतो. जून २०२१ मध्ये पुदुक्कोट्टैमधलं वडतेरू लिलावाच्या यादीत आलं, तेव्हा मुख्यमंत्री स्टालिन यांना पंतप्रधानांना पत्र लिहावं लागलं. २०२३ मध्ये तंजावर जिल्ह्यातल्या वडसेरीचं नाव कोळशाच्या लिलावात आलं. परत पत्र, परत गदारोळ, मग एप्रिलमध्ये ते वगळलं. जिथे मुख्यमंत्र्याला निविदेतून कळतं, तिथे चेरीला कधी कळणार?

सरकारकडे यावर एक ठरलेलं उत्तर असतं. सगळं खुलं आहे. राजपत्र खुलं आहे, निविदा संकेतस्थळावर आहे, कुणीही बघावं. हे उत्तर ऐकलं की मला १९२३ चा बोले ठराव आठवतो. मुंबई विधिमंडळाने ठराव केला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले आहेत. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं. कागदावर तळं खुलंच होतं. मग बाबासाहेबांना २० मार्च १९२७ ला हजारो लोकांना घेऊन तिथे का जावं लागलं? कारण 'खुलं आहे' असं लिहिणं आणि ओंजळीत पाणी येणं यांच्यामध्ये सगळी जातव्यवस्था उभी असते. इंग्रजी राजपत्रातली अधिसूचना ही आजची चवदार तळ्याची पाटी आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कुलकर्णी आणि कचेरीतल्या कारकुनांच्या लेखणीने कुणबी कसा नागवला जातो, ते लिहिलं. शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतनं बंद केली आणि पगारी तलाठी आणले. माझ्या मते ती या देशातली पारदर्शकतेची एक मोठी सुधारणा होती, जरी पारदर्शकतेच्या इतिहासात कोणी ती मोजत नाही. वंशपरंपरेने दप्तर एका जातीच्या घरात राहणार नाही, हे त्यांनी ठरवलं. १९२८ साली बाबासाहेबांनी महार वतनाचं विधेयक मांडलं, तेव्हा प्रश्नाची दुसरी बाजू समोर आली. दप्तर वाहणारा, निरोप देणारा माणूस या गुलामीतून कसा सुटणार? तमिळ प्रदेशातही गावाला बातमी देणारा परई ढोल वाजवण्याचं काम दलितांच्याच गळ्यात बांधलेलं होतं. बातमी वाहणारे आपण आणि बातमीचे मालक दुसरे, हे दोन्हीकडे सारखंच.

आता पैशाचं बघू. जमिनीवरच्या तेल-वायूची रॉयल्टी राज्य सरकारला मिळते. गावाला काय? कोळसा, लोहखनिज यांच्यासाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. रॉयल्टीच्या प्रमाणात १० किंवा ३० टक्के रक्कम खाणबाधितांसाठी वेगळी ठेवायची. आपल्या चंद्रपूर, यवतमाळकडच्या मुलांना हे माहीत आहे, आणि तो पैसा कुठे कुठे जातो हेही माहीत आहे. पण निदान विचारायला एक खातं आहे. खाणींचा १९५७ चा कायदा खनिज तेलाला व्याख्येतूनच वगळतो. त्यामुळे तेल-वायूच्या गावांना त्या प्रतिष्ठानातला वाटा नाही. वायू भूगर्भातून निघतो तेव्हा तो राष्ट्राचा. ७ मे २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं आहे की हा वायू जनतेचा आहे आणि सरकार त्याचं विश्वस्त आहे. फक्त पाइप फुटतो, तेव्हा तो गावाचा.

देखरेख कोण करतं? पेट्रोल-वायूची वाहतूक आणि विक्री यांच्यासाठी २००६ च्या कायद्याने नियामक मंडळ आहे, पण उत्पादन त्याच्या कक्षेबाहेर ठेवलं आहे. उत्पादनावर नजर ठेवतं ते १९९३ सालचं हायड्रोकार्बन महासंचालनालय, आणि ते पेट्रोलियम मंत्रालयाच्याच अखत्यारीत. ज्याला उत्पादन वाढवायचं आहे, त्यानेच चुका शोधायच्या. बाहेरच्या कोणी हिशेब तपासला की काय दिसतं, याचं उदाहरण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलं आहे. केजी-डी६ च्या विकासाचा अंदाजित खर्च २००४ साली सुमारे २.४ अब्ज डॉलर होता, २००६ साली तो ८.८ अब्ज झाला. करार असा होता की कंपनी आधी आपला खर्च वसूल करणार, मग नफ्यात सरकारचा वाटा. २०११ मध्ये महालेखापालांच्या अहवालाने दाखवलं की अशा करारात खर्च कमी ठेवण्यात कंपनीला फारसा फायदाच नाही. २०१६ च्या नव्या धोरणात सरकार खर्चाच्या भानगडीतून बाहेर पडलं आणि थेट महसुलातला वाटा घेऊ लागलं. हिशेब सोपा झाला, हे मान्य. पण गावाच्या प्रश्नांचा त्या हिशेबात रकाना आधीही नव्हता आणि आताही नाही.

मजुराचा रकाना तर समुद्रातही नसतो. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळात मुंबईच्या समुद्रात पी-३०५ बार्ज बुडाला. ओएनजीसीच्या कामावर कंत्राटदाराकडून गेलेले सुमारे ७० कामगार त्यात गेले. पोलिसांनी पहिला गुन्हा नोंदवला तो कप्तानावर, आणि कप्तान स्वतःच बुडाला होता.

जगात यावर काय चाललं आहे? तेल-वायू-खाणींच्या पैशांत पारदर्शकता आणणारा 'ईआयटीआय' नावाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम २००३ पासून आहे. कंपनीने किती दिलं आणि सरकारला किती मिळालं, हे दोन्हीकडून जाहीर करायचं. १ जानेवारी २०२१ पासूनचे करारही उघड करायचे. नॉर्वे, नायजेरिया, घाना त्यात आहेत. भारत ते नियम लागू करणाऱ्या देशांत नाही. मला घानाचं उदाहरण आवडतं. तिथे २०११ च्या कायद्याने तेलाच्या पैशावर लक्ष ठेवायला १३ जणांची नागरिक समिती आहे. त्यात कामगार संघटनेचा प्रतिनिधी असतो, पत्रकार असतात, पारंपरिक समाजांतल्या स्त्रियांचा प्रतिनिधी असतो. ती समिती सगळं सुधारते असं नाही. पण तिथे बसायला तेलात हितसंबंध आहे का, असं कोणी विचारत नाही. तरीही हे सगळे उपक्रम 'देश', 'नागरिक', 'स्थानिक समुदाय' एवढंच बघतात. समुदायाच्या आत अग्रहार असतं आणि चेरी असते, हे त्यांच्या तक्त्यात येत नाही. ते आपल्याला सांगावं लागेल.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. मला तो नेहमी विचारला जातो. जमीनदार शेतकऱ्यांच्या आंदोलनात आपण का पडायचं? ज्यांनी मजुरी मागितली म्हणून झोपड्या जाळल्या, त्यांची जमीन वाचवायला आपण लाठ्या खायच्या? हा प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्याला फूटपाडू म्हणणं लबाडी आहे. पण दुसरीकडे हेही खरं की पाणी खारट झालं, रान पडीक पडलं, तर पहिली मजुरी आपलीच बुडते. मालक कुंभकोणमला, चेन्नईला जाईल. मजूर कुठे जाणार? नेडुवासल आणि कदिरामंगलमला रस्त्यावर बसलेल्या गर्दीत बायका मोठ्या संख्येने होत्या. त्या काही फक्त सातबाऱ्यासाठी बसल्या नव्हत्या.

म्हणून माझं मत असं आहे. आपण आंदोलनात जायचं, पण आपली मागणी घेऊन जायचं. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये अशी शेती मांडली, जिथे कोणी जमीनदार नसेल, कूळ नसेल आणि भूमिहीन मजूर नसेल. ते आज दूर आहे. पण त्याच्या दिशेचं पहिलं पाऊल मागता येतं. ज्याचं पोट त्या जमिनीवर, तो बाधित. त्याला नोटीस, त्याची सुनावणी, त्याला भरपाई. २०१३ च्या कायद्यात हे तत्त्व लिहिलेलं आहे, ते पाइपलाइनला आणि तेलविहिरीला लागू करा. 'शेती वाचवा' म्हणताना शेतमजूर त्यात धरला आहे का, हे मंचावरच विचारायचं.

हे तंजावरचं झालं. आपल्याकडे काय? रत्नागिरीतलं बारसू आठवा. एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. त्या पट्ट्यात प्रकल्पाचा सुगावा लागताच बाहेरच्या लोकांनी जमिनी घेऊन ठेवल्याच्या तक्रारी झाल्या. म्हणजे माहिती कुणाला तरी वेळेत मिळालीच होती. फक्त ती गावाला मिळाली नव्हती.

इथे आपलं काम सुरू होतं. आपण घरातले पहिले पदवीधर. इंग्रजी राजपत्र अडखळत का होईना वाचू शकणारी घरातली पहिली माणसं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि कशासाठी हवी, हे सांगावं लागत नाही. तो कायदा कुणाकडेही सातबारा मागत नाही. खासगी कंपनीची माहितीही, कायद्याने सरकारी खात्याला जी मागता येते ती, त्या खात्याकडून मागता येते. 'व्यापारी गुपित आहे' असं उत्तर आलं तर खचू नका. जनहित मोठं असेल तर ती सबब चालत नाही, हे त्याच कलमात लिहिलं आहे. तुमच्या तालुक्यातून पाइपलाइन गेली असेल तर तिची अधिसूचना काढा. गळती झाली तर कुणी यायचं, कुणाला फोन करायचा, हे विचारा. भरपाईच्या यादीत किती मजुरांची नावं आहेत, हे विचारा. उत्तर शून्य येईल. ते शून्य लेखी घ्या. पुढच्या मागणीला तोच पुरावा. आणि जे मिळेल ते मराठीत करून वस्तीत वाचून दाखवा, ग्रामसभेच्या आधी, नंतर नाही.

माझ्या पणजोबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची दवंडी दिली. आजीने चावडीवर जाऊन एक प्रश्न विचारला आणि रिकाम्या हाताने परत आली. माझ्या हातात आज त्या प्रश्नाचे सगळे कागद आहेत. दवंडी द्यायचं काम आपल्या घरात परत आलंय असं समजा. या वेळी वतन म्हणून आलेलं नाही आणि निरोपही दुसऱ्याचा नाही.

जय भीम. जय जोती.